हात खाली

दातिवऱ्याचा पुंडलिक माणूस म्हणून वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढचं ऐकून कोणालाही त्याचा राग येईल. तीस वर्षं तो बोटीवर तांडेल होता. तांडेल म्हणजे बोटीचा कर्ता माणूस. तो सांगेल तिकडे बोट वळणार, तो सांगेल तेव्हा जाळं पडणार. आणि हे सगळं सांगणं हातांनी. मशीनच्या धडधडीत तोंडाची बडबड ऐकतो कोण? पुढच्या टोकाला उभं राहून त्याने मूठ वर केली की खलाशांनी ओढायचं, पंजा खाली दाबला की मशीन हळू, आणि हात डोक्यावरून फिरवून छातीकडे आणला की शेजारच्या बोटीने जवळ यायचं. तांडेलाचे हातच बोलतात, असं खलाशी म्हणायचे. पुंडलिकला त्याचा कोण अभिमान!

आणि या माणसाच्या पोटी मुलगी आली ती जन्मापासून बहिरी. नाव उन्नती. पाच-सहा वर्षांची असताना ती आईबरोबर, नलूबरोबर, बंदरावर मासळी घ्यायला यायची. बोट अजून खाडीच्या तोंडाशी असायची, बायका डोळ्यांवर हात धरून अंदाज बांधत असायच्या, आणि ही चिमुरडी आईचं लुगडं ओढून चार बोटं दाखवायची. म्हणजे चार पाट्या म्हावरं आहे. बापाने लांबून केलेली खूण हिने टिपलेली. सुरुवातीला बायका हसल्या, मग हिलाच विचारून पाट्या काढायला लागल्या. बोट किनाऱ्याला टेकायच्या आधी पुंडलिक मुद्दाम हात डोक्यावरून फिरवून छातीकडे आणायचा. जवळ ये! की ही गुडघाभर पाण्यात. त्या घरात तेव्हा बापलेकीइतकं कोणीच कोणाशी बोलत नव्हतं, फक्त त्याला बोलणं म्हणतात हे पुंडलिकला कळलं नाही.

मग पोर मोठी व्हायला लागली. बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या भाग्यश्रीबाई दोनदा घरी येऊन गेल्या. मुलीला पाठवा, वसतिगृह आहे, तिची स्वतःची खुणांची भाषा शिकेल, सरकारी दाखला काढू, तो तिचा हक्कच आहे, असं परोपरीने सांगितलं. पुंडलिकने चहा पाजला आणि वाटेला लावलं. आमची पोर काय उपाशी आहे का, म्हणाला. खरं कारण निराळंच होतं. हातवारे करणारी पोर कोण करून घेणार? समुद्रावर याने केले तर तो हुकूम, आणि पोरीने चार माणसांत केले तर हातवारे. काय न्याय म्हणायचा हा!

त्याने तिला कधी मारलं नाही. लग्नाच्या मांडवात, बाजारात, एसटीत तिचे हात उठले रे उठले की तो ते आपल्या दोन्ही हातांत धरायचा, अलगद तिच्या मांडीवर दाबायचा आणि कोणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे नजर फिरवायचा. मग तिच्याकडे बघून हसायचा. अगदी मायेने करायचा हो, म्हणून तर तिला विरोधही करता आला नाही. हळूहळू बाप दिसला की तिचे हात आपोआप खाली जायला लागले. पोरगी सुधारली, असं तो नलूला म्हणाला. मेल्याला तेव्हा कोणी दोन शब्द सुनावायला हवे होते.

एकोणिसाव्या वर्षी स्थळ आलं. मुलगी लाजाळू आहे, कमी बोलते, एवढंच सांगितलं होतं. उन्नती मान खाली घालून, मांडीवर हात ठेवून दीड तास बसली. शेवटी मुलाच्या मावशीने मागून स्टीलचं ताट टाकलं. सगळे दचकले, एकटी नवरी मुलगी नाही. फसवता काय, म्हणत मंडळी उठून गेली. त्या दिवशी पुंडलिक पोरीवर तासभर ओरडत राहिला. तिला ऐकू येत नव्हतं, पण त्याचं तोंड तर दिसत होतं.

नलूचं मन मात्र तिथेच नवऱ्यावरून उडालं. भाग्यश्रीबाईंचा नंबर शोधून तिने उन्नतीला पालघरला नेलं, तपासण्यांच्या खेपा घातल्या, दाखला हातात घेऊनच थांबली. कागदावर बहिरी लिहून आणलीस, म्हणून पुंडलिक दोन महिने बायकोशी बोलला नाही. बाईंच्याच ओळखीने पोरगी बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला लागली. बहिऱ्या मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायला लागली आणि तिची भाषा तिला तिथे मिळाली, विसाव्या वर्षी. नलूही मोबाइलवर तिच्याशी हातांनी बोलायचं थोडंफार शिकली. पुंडलिक त्या वेळी जाळी शिवायला बाहेर जाऊन बसायचा.

एकदा सुके बोंबील पोचवायला तो बोईसरला गेला. कंपनी सुटली होती. रिक्षा स्टँडपाशी उन्नती एका मुलाशी बोलत उभी होती. तो प्रणव, तिच्याच कंपनीतला, तिच्यासारखाच बहिरा. पुंडलिक पानाच्या टपरीआड थांबला. पोरीचे हात नुसते भिरभिरत होते. भुवया, खांदे, सगळी पोर बोलत होती. काहीतरी नक्कल करून दाखवत होती, तो मुलगा पोट धरून हसत होता. आपली पोर विनोदी आहे, हे बापाला चोवीस वर्षांत माहीत नव्हतं. तो पुढे झाला. तिची नजर त्याच्यावर पडली, आणि मधेच, अर्ध्या गोष्टीत, तिचे हात खाली गेले. प्रणव पुढचं काय म्हणून बघत राहिला.

घरी येऊन पुंडलिक जेवला नाही. नलूने विचारल्यावर एवढंच म्हणाला, "तिला एवढं बोलायचं व्हतं?"

"मंग? गप बसाया जन्मली व्हती का ती?" नलू म्हणाली. "तुमी गप बसवलीत. मी बघत रायले, माजीबी चूक हाय."

लग्न ठरलं, प्रणवशीच. आणि पुंडलिकच्या मनाने एकच घेतलं. पोर सासरी जायच्या आत तिची माफी मागायची. पण कशी? तिची भाषा याला येत नव्हती, नलूकडे शिकायला मान आडवा येत होता. समुद्रावरच्या खुणा चाळीस येत होत्या. ओढा, सोडा, थांबा, वळा. माफीची त्यात एकही नाही. शेवटी त्याला वाटलं, कान धरेन. शाळेत मास्तरपुढे धरायचो तसा. एवढं तर तिला कळेल.

हळदीचा मांडव भरला होता. अर्धे पाहुणे गावचे, अर्धे बोईसरचे, हातांनी बोलणारे. उन्नती पाटावर बसली होती, बायका हळद लावत होत्या. समोर खुर्चीत बसलेल्या पुंडलिकने सगळा धीर गोळा केला. हात उचलला, डोक्यावरून फिरवला आणि छातीकडे आणला.

उन्नतीने बघितलं. तिला आठवलं. तिचा सगळा चेहरा उजळला, आणि ती खरंच पाटावरून उठून निघाली. तेव्हा पुंडलिकने दोन्ही हातांनी कान धरले. डोळे भरून आले होते. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या, कोणीतरी कोणाला कोपर मारलं.

उन्नती झपाझप आली. बापापुढे बसली, त्याचे दोन्ही हात कानांवरून सोडवून आपल्या हळदीच्या हातांत घेतले, अलगद त्याच्या मांडीवर दाबले आणि कोणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे नजर फिरवली. मग त्याच्याकडे बघून हसली. अगदी मायेने.

चारचौघांत त्याची लाज जाऊ नये म्हणून तिने ते केलं होतं. ती पुन्हा पाटावर जाऊन बसली. पुंडलिकला सांगायचं होतं ते सगळं तसंच राहिलं, पण लेकीने खाली ठेवलेले हात काही त्याला पुन्हा उचलवेनात.