व्याह्यांचं धुकं

१९७२ साली मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, आणि या जगात माणसांच्या आधी हवेची चौकशी करणारा एकच गृहस्थ असेल तर तो माझा व्याही, हे मला तेव्हाच कळून चुकलं होतं. लोक दुसऱ्याच्या घरी गेले की जेवणं झाली का, पोरं कशी आहेत असं विचारतात. आमचे व्याही उंबऱ्यातच थांबायचे, नाक जरा वर करायचे, अंगठा आणि बोट एकमेकांवर सूत चाचपल्यासारखं चोळायचे आणि म्हणायचे, "पासष्ट." कधी "साठ." एखाद्या दिवशी फार दुःखी चेहरा करून, "बावन्न." मग चपला काढून आत यायचे. हा आकडा हवेतल्या ओलाव्याचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझं वय सांगतायत, आणि मला रागही आला होता.

त्यांचा दोष नव्हता. लालबागकडच्या एका कापड गिरणीत चौतीस वर्षं त्यांनी ओलाव्याच्या खात्यात काढली. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून विणकामाच्या खात्यात वरून पाण्याचा बारीक फवारा सोडतात. तो किती सोडायचा, कधी आवरायचा, हे बघणारा माणूस म्हणजे आमचे व्याही. मी भाईंदरच्या मिठागरात मुकादम. पेणकडून आलो तेव्हा इयत्ता दुसरी शिकलो होतो, त्यानंतर जे शिकलो ते उन्हात उभं राहून. म्हणजे बघा, त्यांचा जन्म गेला हवेत पाणी घालण्यात आणि माझा गेला पाणी हवेला देऊन टाकून खाली राहिलेलं मीठ ओढण्यात. अशा दोन माणसांची सोयरीक जमवणाऱ्याला मी आजही मानतो.

लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि नवरामुलगा नि आमची मालती यांच्यामध्ये अंतरपाट धरलेला. व्याही पुढे सरकले. मला वाटलं, मुलाच्या डोक्यावर हात ठेवतायत. तर त्यांनी अंतरपाटाचं टोक चिमटीत धरलं, उजेडात नेलं आणि भटजींना सांगितलं की हे कापड कोरड्या हवेत विणलंय, ह्या बघा सुताच्या गाठी. भटजी मध्येच थांबले. माझ्या हातात अक्षता तशाच. मुहूर्त गेला असता तर मी त्या माणसाला मंडपातून उचलून नेलं असतं, व्याही असो नाहीतर कोणी असो.

गिरणीतून सुटल्यावर ते लालबागची खोली सोडून भाईंदरजवळ गोडदेवला मुलाकडे राहायला आले, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. येताना त्यांनी सगळ्यात जपून काय आणलं, तर एक लाकडी पट्टी. तिच्यावर काचेच्या दोन नळ्या, त्यातल्या एकीच्या टोकाला ओल्या कापडाचा मोजा घातलेला. दोन नळ्यांतल्या पाऱ्याचा फरक बघून ओलावा सांगायचा. देवाच्या तसबिरीशेजारी ती टांगली, आणि खरं सांगायचं तर दिवा लावताना त्यांचा हात तिच्यासमोरूनही फिरायचा. आळीतल्या बायका पापड घालायच्या आधी त्यांना विचारायला लागल्या. ते नळ्या बघून "घाला" म्हणायचे, नाहीतर "उद्या." एका मे महिन्यात त्यांच्या शब्दावर चार घरचे पापड गच्चीवर पडले आणि दुपारी सर कोसळली. बायका तावातावाने आल्या. व्याही शांतपणे म्हणाले, "मी ओलाव्याचं सांगितलं, ते बरोबर होतं. आभाळ माझ्या खात्यात नव्हतं."

आता विहीणबाईंचं सांगतो. त्याही गिरणीतल्याच, रिळं गुंडाळायच्या खात्यात. नवऱ्याने चौतीस वर्षं हवा ओली ठेवली, पण बायकोच्या खात्यात फवारा नव्हता. तिथली कापसाची धूळ बाईंच्या छातीत जाऊन बसली. थंडीत पूर्वेचं कोरडं वारं सुटलं की त्यांना खोकल्याची अशी उबळ यायची की भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या. व्याही बाहेर कितीही बडबड करोत, बायको खोकायला लागली की आपल्या तळहाताकडे बघत बसायचे. हे मी चार-पाच वेळा पाहिलं. डॉक्टरने सांगितलं की थंडीत खोलीतली हवा ओलसर ठेवा. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो विसरला असता. आमच्या व्याह्यांना जणू गिरणीने परत कामावर बोलावलं.

उत्तनच्या बसमध्ये त्यांची उत्तनजवळच्या पालीच्या एका ख्रिश्चन गृहस्थाशी ओळख झाली, बसमधल्या हवेचा आकडा सांगण्यावरूनच. तो माणूस बोटीवर नोकरीला होता आणि त्याने परदेशाहून एक मशीन आणलेलं होतं, ते घरात नुसतं पडून होतं. हिरव्या रंगाची बादलीएवढी टाकी, आत एक चकती गरगर फिरणार, पाण्याच्या ठिकऱ्या उडवणार, आणि वरच्या तोंडातून थंडगार धुकं बाहेर पडणार. आग नाही, कढत वाफ नाही. व्याह्यांनी ते मांडीवर घेऊन बसमधून आणलं आणि वाटेत कुणाला टेकू दिलं नाही. एकीकडे खाडी, एकीकडे समुद्र, मध्ये मिठागरं, आणि ह्या माणसाने ओलावा करायचं मशीन आणलं म्हणून अख्खं गोडदेव हसलं. मीही हसलो.

पण त्या मशीनची सेवा बघितली की हसू थांबायचं. रोज सकाळी आदल्या दिवशीचं पाणी ओतून टाकायचं, थेंब ठेवायचा नाही. "शिळं पाणी तुम्ही पोटात घालाल का? मग तिच्या छातीत कसं घालू?" असं ते मला विचारायचे, जणू मीच घाला म्हटलं होतं. मग पालीहून आणलेला ताडीचा सिरका दात घासायच्या जुन्या ब्रशावर घेऊन चकती घासायची, टाकी दोनदा धुवायची, उन्हात पालथी घालायची, कोरडी झाली की ताजं पाणी. मशीन बिछान्यापासून तीन हात लांब, भिंतीपासून एक हात, आणि खिडकीची एक फळी उघडी, कारण भिंत ओली झाली की बुरशी धरते. सूनबाईने एकदा झाडताना ते वीतभर सरकवलं, तर त्यांनी जमिनीवर खडूने चौकट आखून ठेवली.

आणि ते ताजं पाणी माझ्या विहिरीचं. इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. गोडदेवला जागा घेतली तेव्हा ती विहीर मी आणि माझ्या बायकोने खणली. पाणी लागलं ते गोड. मिठागराच्या इतक्या जवळ गोडं पाणी, याचा मला इतका अभिमान होता की पंचायतीचा नळ आला तरी मी त्याला हात लावला नाही. शिवाय आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचं पाणी पीत नाही. मी तिथे जाताना माझा तांब्या घेऊन जायचो. त्यांचं घ्यायचं नाही तर आपलं द्यायचं, म्हणून रोज सकाळी दोन हंडे मी स्वतः त्यांच्या दारी पोचवायचो. व्याही प्रत्येक वेळी म्हणायचे, "वा, व्याह्यांचं पाणी." मला तेवढं पुरायचं.

मशीन सुरू होऊन पंधरा दिवस झाले आणि विहीणबाईंचा खोकला वाढला. मी एका दुपारी बघायला गेलो. बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. काळ्या रेडिओवर पिठासारखी पांढरी भुकटी बसलेली, बाईंच्या केसांवरसुद्धा. व्याही म्हणाले, चुन्याची भिंत झडतेय. मी रेडिओवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मिठागरातल्या माणसाला ती सवयच असते, आधी जीभ, मग डोळे. ते मीठ होतं.

मी बोट पुसलं आणि निघालो. घरी येताना स्वतःला समजावत आलो. जन्मभर मी हेच बघितलं की पाणी वर जातं आणि मीठ खाली राहतं. खाऱ्या पाण्याचा पाऊससुद्धा गोडा पडतो. मग मशीनच्या धुक्यात मीठ येईलच कसं? आणि समजा आलं, तर ते पाण्यात आधी असायला पाहिजे, म्हणजे माझ्या विहिरीत. दुसऱ्या दिवशी मी विहिरीचं पाणी जेवणाच्या थाळीत घेऊन कौलांवर उन्हात ठेवलं. संध्याकाळी पाणी उडून गेलं होतं आणि थाळीला पांढरं कडं राहिलं होतं. ज्या कड्यावर मी जन्मभर पोट भरलं, तेच कडं. थाळी मी स्वतः घासली. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि मी पहिल्यांदा भांडं घासत होतो, त्यामुळे बायकोने माझ्याकडे वळून वळून बघितलं.

नऊ दिवस मी गप्प राहिलो. हे लिहिताना हात जड होतो, पण नऊ दिवस. रोज सकाळी तेच दोन हंडे उचलायचे, त्यांच्या दारी ठेवायचे, "वा, व्याह्यांचं पाणी" ऐकायचं आणि आतून खोकला ऐकत परत यायचं. मला वाटायचं, आज सांगतो. मग वाटायचं, ज्या विहिरीच्या जिवावर आळीत मान वर करून चालतो तिला आपल्याच तोंडाने खारी कसं म्हणू? दहाव्या दिवशी मालती घरी आली. ती फारसं बोलणारी मुलगी नाही. म्हणाली, "बाबा, ते दिवसातून तीनदा मशीन घासतात. म्हणतात, चूक माझ्याच हाताची आहे. आज जेवले नाहीत."

मी तसाच उठून गेलो. व्याही ओट्यावर बसून चकती घासत होते, सिरक्याने बोटांची सालं निघालेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन उद्या पालीला परत देतो, व्याही. हात गेला माझा. चौतीस वर्षं लोकांचं सूत तुटू दिलं नाही, आणि घरात हे असं."

"हात ठीक आहे तुमचा," मी म्हणालो. "माझी विहीर खारी झालीय. ती भुकटी मीठ आहे. मला नऊ दिवसांपासून माहीत आहे."

ते घासायचे थांबले. मला वाटलं आता ऊठ म्हणतील, चालता हो म्हणतील, आणि म्हणाले असते तर मी गेलो असतो. त्यांनी चकती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले की पाणी खारट आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. डाळ शिजत नव्हती, चहा तोंडाला लागत नव्हता. "पण व्याह्यांच्या विहिरीला नाव कसं ठेवायचं? आणि मला वाटलं, मीठ बुडाला राहील. वाफेत कुठे मीठ चढतं?"

"मलाही तेच वाटलं," मी म्हणालो.

"वाफ नाही ही," ते हळूच म्हणाले. "नुसतं पाणी भिरकावतं हे, जसं आहे तसं. गिरणीतही तसंच होतं. पण तिथे नळाचं गोडं पाणी, म्हणून कधी कळलंच नाही."

आतून विहीणबाई बोलल्या. खोकत, थांबत बोलल्या, पण आवाजात हसू होतं. "दोघं मिळून साठ-पासष्ट वर्षं पाणीच बघताय ना? मालती, दे तुझ्या बापाला त्या छोट्या माठातलं." तेव्हा मला कळलं की चुलीमागे एक छोटा माठ होता, माझ्या नजरेला पडणार नाही असा, आणि माझी लेक लग्न झाल्यापासून पंचायतीच्या नळाचं पाणी त्यात भरून ठेवत होती. पिण्यापुरतं ते, बाकीला माझं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून. मालतीने पेला पुढे केला. लेकीच्या घरचं पाणी. मी प्यायलो. तोंडाला काहीच लागलं नाही. गोड पाणी म्हणजे काहीच न लागणारं पाणी, हे मी इतक्या वर्षांत विसरून गेलो होतो. विहिरीबरोबर माझी जीभही हळूहळू खारी होत गेली, तिला कळणार कसं?

विहीणबाईंचा खोकला पुढे कमी झाला, गेला मात्र नाही. त्यानंतरचे चार हिवाळे त्यांनी त्या धुक्यात काढले, आणि बरे काढले. व्याही त्यांच्यामागे सहा वर्षं होते. बाई गेल्यावर मशीन लावायचं कारण उरलं नाही, तरी दर सकाळी टाकी धुऊन उन्हात पालथी घालायचे. आता माझ्या विहिरीवर पाच मजले उभे आहेत. तिथल्या जिन्यात शिरलो की अजून माझं नाक आपोआप वर होतं, पण आकडा काही मला येत नाही. तो सांगणारा माणूस एकच होता, आणि मी त्याला नऊ दिवस फसवलं. त्याने ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

लेकीच्या घरचं ते पाणी प्यायलो त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच मी दोन हंडे घेतले आणि पंचायतीच्या नळावर गेलो. रांगेत बायकाच बायका. मी शेवटी उभा राहिलो. पुढची एक म्हातारी वळून बघत म्हणाली, "काय रं मुकादमा, तू हितं? तुझी हीर आटली का काय?"

"आटली न्हाय," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "खारी झालीय." आणि हंडे एक पाऊल पुढे सरकवले.