बुवांची पेटी आणि माझे दोन अँप

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मधेच ठसका लागून चहा माझ्या अंगावर उडायला नको. कारण पराक्रम माझाच आहे, आणि आमच्या जामसंड्यात अजूनही कुणी "पेटी" म्हटलं की चार माना माझ्याकडे वळतात.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. गाडी मात्र झाली होती! रंग मारून नवी दिसणारी सेकंडहँड पिकअप. हंगामात हापूस, एरवी चिरे, वाळू, मंडपाचे बांबू, मिळेल ते. मोबाईल नुकते आले होते, पण रेंज हवी तर उंच सड्यावर जाऊन हात वर करून उभं राहावं लागायचं. आणि ज्याच्या गाडीतला 'बास' दोन वाड्या आधी ऐकू येईल तो मोठा माणूस, असा आमच्या ड्रायव्हर लोकांचा शास्त्रार्थ होता.

माझ्या गाडीतला आवाज? डब्यात अडकलेल्या माशीसारखा. लाज वाटायची हो!

मी मालवणच्या इनासला गाठलं. इनास म्हापशाला गॅरेजात राहून गाड्यांत गाणी बसवायचं शिकून आलेला, आणि येताना तिथला 'पात्रांव' हा शब्दही उचलून आणलेला. गिऱ्हाईक कितीही फाटका असो, इनास त्याला मालक करून टाकायचा. मग माणूस नाही कसं म्हणणार?

"पात्रांव, एका अँपान काय होवचा नाय," इनास म्हणाला. अँप म्हणजे अँप्लिफायर, आवाज फुगवणारा डबा. "दोन व्हये. एक स्पीकरांक, एक बासाक."

"दोन तर दोन. बसव!"

"बसवतंय. पण खंय?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. पिकअपचं कॅबिन ते केवढं! दोन माणसं आणि एक डबा बसला की दार ढकलून लावायचं. इनास आडवा होऊन आत शिरला. डोकं सीटखाली, पाय रस्त्यावर.

"सीटीखाली ठेव ना," मी म्हटलं.

"आणि जॅक खंय ठेवतलंस? माझ्या घराक?"

"डॅशबोर्डावर?"

"थंय गणपती आसा. तू त्याका उठव, मी अँप बसयतंय."

"वर, टपाक लाव."

"खड्ड्यात गाडी गेली काय टाळक्यात पडतलो. मगे गाणी रवली बाजूक, तूच वाजतलंस."

"मग बाजूच्या माणसाच्या पायाखाली?"

"आणि त्या माणसान पाय खंय ठेवचे? खांद्यार?"

एवढं बोलून इनासने सीटची पाठ पुढे ओढली आणि एकदम ओरडला, "मेल्या, हयसर एवडी जागा मोकळी! आणि माका जागा नाय म्हणान सांगतंस?"

जागा मोकळी होती, पण माझी नव्हती. तिथे एक जुनी गोधडी घडी घालून ठेवली होती, कारण ती जागा दाजीबुवांच्या पेटीची होती.

आता दाजीबुवा कोण, ते सांगायलाच हवं. आमच्याकडे डबलबारी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, आधी देवाचं नाव घेतात आणि मग भजनातूनच एकमेकांची सालटी काढतात. दाजीबुवा त्यातले पट्टीचे. त्यांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, त्यांच्या गुरूंनी दिलेली. बारीला ती माझ्याच गाडीतून जायची, पण मागच्या हौद्यात ठेवायची नाही, ऊन लागतं. धूळ बसते. एकदा त्यांनी मंडळातल्या पखवाजवाल्याला हौद्यात बसवलं होतं आणि पेटीला पुढे.

आणि बुवांची दुसरी लाडकी गोष्ट म्हणजे त्यांची मुलगी सुलू. तिच्यासाठी मी शब्द टाकला होता. बुवा एवढंच म्हणाले होते, "रामनवमीची बारी होवंदे. मगे बगूया."

म्हणजे रामनवमीपर्यंत मी शहाण्यासारखं वागायचं होतं. एवढंच काम! आणि तेवढंच मला जमलं नाही.

"बुवांची पेटी म्हयन्यात दोनदा बसतली," इनास म्हणाला. "अँप रोज वाजतलो. तूच सांग, जागा कोणाची?"

न्यायाधीशानेसुद्धा मान डोलावली असती. मी तर ड्रायव्हर. गोधडी गेली, दोन्ही अँप बसले. निळे दिवे पेटले. इनासने बटण दाबलं आणि समोरच्या दुकानातली बरणी आपोआप पुढे सरकली. काय सांगू, मला भरून आलं!

रामनवमी उजाडली. बारी मालवणच्या वाटेवरच्या एका गावात, देवळात, दिवेलागणीला. बुवा, सुलू, तिचा भाऊ आणि मंडळ जीपने जाणार होते. मी पेटी घेऊन मागून यायचं, आणि वाटेत ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आंबा उतरवायचा, मुंबईच्या ट्रकसाठी.

बुवांच्या घरी गेलो तर अंगणात सुलू उभी. तिने दोन वस्तू दिल्या. एक हार्मोनियम. दुसरी बुवांच्या परसातल्या कलमाच्या आंब्यांची लाकडी पेटी, देवापुढे ठेवायला. त्या पेटीवर सुलूने काळ्या रंगाने लिहिलं होतं, 'बुवांची'. सुलूच्या अक्षरात 'ब'चं पोट असं फुगलेलं असतं की आत्ता फुटेल असं वाटावं.

"ही बुवांची पेटी," सुलू म्हणाली, "आणि ही पण बुवांची पेटी. घोळ घालू नको हां."

"मी? घोळ?" मी हसलो. हसलो हो! अजून आठवतं.

वळणावर गाडी उभी केली, बाजूच्या सीटवर खड्ड्यात आपटेल म्हणून हार्मोनियम गोणपाटात नीट गुंडाळली आणि हौद्यात, आंब्यांच्या पेट्यांच्या मधोमध ठेवली. बुवांना कशाला कळतंय?

गोडाऊनला पोचलो. हमाल पांडू हौद्यावर चढला. मी कॅबिनमधूनच ओरडलो, "पांडग्या, बुवांची पेटी ठेव, बाकी सगळा मुंबयक जावंदे!" आणि काचा वर करून आवाज वाढवला. निळे दिवे नाचत होते. मी डोळे मिटले आणि बासाच्या ठोक्यावर मान हलवायला लागलो.

पुढचं मला पांडूने नंतर सांगितलं. त्याने 'बुवांची' लिहिलेली पेटी बाजूला ठेवली. मग गोणपाट हाताला लागलं. तो काचेशी येऊन ओरडला, "ही गोणपाटातली जड पेटी पण मुंबयक?"

मी मान हलवली.

बिचाऱ्याने परत विचारलं, "नक्की मा?"

मी तर आणखी जोरात हलवली. बास तिथेच चढतो ना!

दिवे लागून गेल्यावर देवळाशी पोचलो तर गर्दी जमलेली. समोरच्या बुवांनी पहिली बारी म्हणून मैदान तापवलेलं. आमचे बुवा पांढरं धोतर नेसून मांडी ठोकून बसलेले. मला सुलूच्या भावाला गाडीतला आवाज दाखवायची घाई होती, म्हणून मी पखवाजवाल्या बाबलला सांगितलं, "मागे बुवांची पेटी आसा, घेवन जा."

बाबल घेऊन गेला आणि सरळ देवापुढे ठेवली.

बुवांनी हात जोडले, देवाला नमस्कार केला, पुढ्यात हात नेला. पुढ्यात सतरंजी.

"बाबल, पेटी हाड."

"ठेवलंय मा बुवा, देवाफुडे."

"ती खावची पेटी रे! वाजवची खंय आसा?"

बाबलने माझ्याकडे बघितलं. मी हौद्याकडे बघितलं. हौद्यात पेंढ्याच्या चार काड्या होत्या. आवशीक खाव! पेटी मुंबईला निघाली होती. आंब्याबरोबर. पिकायला!

मोबाईल काढला. रेंज नाही. देवळामागच्या घाटीवर धावत चढलो, गोडाऊनला फोन लावला. ट्रक दुपारीच सुटलेला. आता तो थेट वाशीच्या बाजारातच थांबणार. फोनवरचं माझं ओरडणं खालपर्यंत ऐकू गेलं, आणि मी उतरेपर्यंत समोरच्या बुवांना बातमी लागली होती. ते काय सोडतायत? टाळ घेतले आणि जागच्या जागी जोडलं,

"पेटी ठेवली देवाच्या दारी, सूर गेले वाशी बाजारी!"

बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुलू हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

बुवा उठले, शांतपणे माझ्यापाशी आले. "सीटीमागे नाय ठेवलंस?"



बुवा चालत पिकअपपाशी गेले. त्यांच्या मागून मंडळ, मंडळाच्या मागून अख्खं गाव. बुवांनी सीटची पाठ पुढे ओढली. आत दोन काळे चपटे डबे, निळे डोळे मिचकावत बसलेले.

"ह्या काय?"

"अँप," मी पुटपुटलो.

"हयसर पण आंबो?"

"आंबो नाय बुवा, अँप. आवाज मोठो करता."

"कोणाचो?"

बुवांनी सीट हळूच जागेवर लावली आणि देवळाकडे वळले. समोरच्या बुवांनी मोठ्या मनाने आपली पेटी पुढे केली. आमच्या बुवांनी ती हाताने मागे सारली आणि नुसते टाळ, पखवाज घेऊन गजर धरला. राग आला की माणूस एवढा सुरात गातो हे मला माहीत नव्हतं! ना पेटी, ना अँप, आणि आवाज पार व्हाळाच्या पाण्यापलीकडे. लोक हसायचे थांबले. मग डोलायला लागले. शेवटी समोरचे बुवा उठून आमच्या बुवांच्या पाया पडले. मी खांबाआड बसून रडलो, उगाच कशाला खोटं बोलू!

दुसऱ्या दिवशी वाशीहून दलालाचा फोन. "अहो जामसंडेवाले, गोणपाटातून ही कुठली जात पाठवलीत? दाबली की ओरडते!"

रिकाम्या पेट्यांबरोबर हार्मोनियम परत आली. ती मी स्वतः मांडीवर घेऊन बुवांकडे गेलो. बुवांनी भाता ओढला, सगळे सूर तपासले, मग वाकून वास घेतला. "काळी दोन पिकली," म्हणाले आणि आत गेले.

माझं लग्न तिथेच संपलं असं मी धरून चाललो. पण आतून सुलूचा आवाज ऐकू आला. "बाबानू, मी ह्याका नाय केलंय तर ह्याका करतली कोण?"

हे ऐकून मी खूश व्हायचं की रुसायचं ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. पण लग्न ठरलं. अँप निघाले, गोधडी परत आली. अँप आता मंडळाच्या माईकला जोडलेत, म्हणजे बुवांचाच आवाज मोठा करतात.

लग्न झालं. निघायच्या वेळी सगळी रडारड. बुवा गाडीपाशी आले, आधी सीटमागे डोकावून खात्री केली, मग डोळे पुसत म्हणाले, "माझ्या चेडवाक पुडे बसव हां. हौद्यात बसवशीत तर वाशीक पोचयशीत."

सगळे हसले. मीही हसलो. सुलू माझ्या पाठीवरच्या अक्षता झटकत होती. बराच वेळ झटकत होती. मला गहिवरून आलं. बघा, म्हटलं, बायको असावी तर अशी!

मग आमच्या वाडीत वरात. मी सगळ्यांच्या पुढे, बेंजोवर जीव तोडून नाचलो. मागून लोक शिट्ट्या मारत होते. व्हिडिओवाला तर माझी पाठ सोडायला तयार नव्हता. मी आणखी नाचलो. एवढं कौतुक माझं कधी झालंच नव्हतं!

घरी येऊन निळा कोट काढून खुंटीला लावला, तेव्हा दिसलं. पाठीवर खडूने ठळक लिहिलं होतं, 'बुवांचो'.

कुणी लिहिलं ते विचारलं नाही. 'ब'चं पोट चांगलंच फुगलेलं होतं.