कॅन्टीनच्या डबीला चिकटलेला फोन

त्या प्लांट हेडचा मला आजही राग येतो. त्याच्यापेक्षा जास्त स्वतःचा येतो, पण आधी त्याचं सांगते, कारण त्याच्यावर रागावणं सोपं आहे.

वाळूजच्या एका कारखान्यात वायफाय बसवायचं आणि सांभाळायचं कंत्राट मला मिळालं होतं. रोज उस्मानपुऱ्यातून स्कूटीवर जायचे आणि शिडीवर चढून छताला वायफायच्या पांढऱ्या डब्या ठोकायचे. कामगार मला ‘वायफायवाली बाई’ म्हणायचे. म्हणू देत, आईच्या ओळखीतले तर ‘केबलवाली’ म्हणतात. काम असं होतं, की गेटपासून वजनकाट्यापर्यंत कुठंही फिरा, फोननं आपला आपणच लांबची डबी सोडून जवळची धरायची. ना पासवर्ड विचारायचा, ना चालू कॉल तुटायचा. एकदा सेटिंग मारलं की माणसाला बोट लावायची गरज नाही.

प्लांट हेडला पुण्याच्या ऑफिसशी व्हिडिओवर बोलत कारखान्यातून फिरायची हौस होती. त्याचा आवडता कोपरा कॅन्टीनचा. तिथं चित्र एकदा थांबलं, तर त्यानं सगळ्यांसमोर माझ्यावर तोंड टाकलं, “मॅडम, जमत नसेल तर सांगा, वाळूजमध्ये छप्पन्न जण मिळतात.” माझं डोकं सणकलं. मी कॅन्टीनच्या डबीचा जोर शेवटापर्यंत वाढवला. सिग्नल क्षीण झाला की फोनला ढकलून पुढच्या डबीकडं पाठवणारा नियम असतो, तोही काढून टाकला. असं करू नये हे शिकाऊ पोराला कळतं, मला कळत नव्हतं असं नाही. पण त्याचा कॉल तुटायचा थांबला आणि त्याचं तोंड बंद झालं, मला तेवढंच हवं होतं.

आता कारखान्याची रीत अशी, की फुकट काही मिळतंय म्हटलं की आधी रांग लागते. चहाच्या सुट्टीत कामगार फोन पुढं करायचे, “म्याडम, आमच्याबी फोनला सेटिंग मारून द्या की.” मी मारून द्यायचे. त्यात पडेगावच्या पुढच्या वस्तीवरचा एक धनगर होता, पंचेचाळीशीचा. ओतीव लोखंडी भागांच्या कडा हातग्राइंडरनं घासायचा. कंत्राटावर, माझ्यासारखाच. मी चढले की न सांगता येऊन शिडी धरायचा. त्याच्या फोनची काच तडकलेली, मागं रबर बांधलेलं. “लई जुना हाय, पर चालतो,” म्हणाला. त्यालाही सेटिंग मी माझ्या हातानं मारलं.

महिनाभरानं प्लांट हेडनं मला केबिनमध्ये बोलावलं. त्याच्या डोक्यात नवीच अक्कल आली होती. कुणाचा फोन कॅन्टीनच्या डबीवर किती वेळ असतो, त्याची यादी पाहिजे. मी दिली. मागितली की द्यायची, हे आमच्या धंद्यातलं शहाणपण. कशाला पाहिजे, हे मी विचारलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी तो धनगर गेटबाहेर होता. यादीत त्याचं नाव सगळ्यात वर. रोज तीन-तीन तास कॅन्टीनमध्ये बसतो, असं त्यात दिसत होतं. तो तर कॅन्टीनच्या भिंतीपलीकडं उभ्यानं घासत असायचा! जुना फोन पाटावर बसलेल्या जावयासारखा असतो, उठवल्याशिवाय उठत नाही. चहाच्या वेळी कॅन्टीनची डबी धरली, ती भिंतीआडूनही सोडली नाही. सोडायला लावणारा नियम मीच काढला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळून देणारी मी.

मी तणतणत केबिनमध्ये गेले. म्हटलं, “साहेब, ही यादी चुकीची आहे. तो माणूस त्याच्या जागेवरच होता.”

त्यानं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. “म्हणजे तुमची सिस्टीम चुकीची? कंत्राट वाढवायचा कागद याच टेबलावर आहे, मॅडम. नीट आठवून सांगा.”

हरामखोर माणूस! असं माझ्या मनात आलं, आणि तोंडातून आलं ते हे, “सिस्टीम बरोबर आहे. त्याचा फोन फार जुना आहे, त्यामुळं कधीकधी असं होतं.”

“मग जुना फोन आणू नये,” तो म्हणाला. त्यानं कागदावर सही केली. मी ‘थँक यू’ म्हणाले. हो, म्हणाले. त्याच दुपारी डबीचा जोर कमी केला, नियम परत चालू केला, आणि कुणाला काही सांगितलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण लहानपणापासून ऐकत होते, पण दांडा कोण हे त्या दिवशी कळलं.

केबिनमधली गोष्ट कारखान्यात झाकून राहत नाही. फोन जुना म्हणून माणूस गेला, हे त्याच्यापर्यंत पोचलं. पंधरवड्यानं सकाळच्या पाळीच्या बसेस लागत होत्या तेव्हा तो गेटजवळ माझी वाट बघत उभा होता. अंगात धुतलेला सदरा. खिशातून त्यानं नवा कोरा फोन काढला. वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा फाडला नव्हता.

“म्याडम, घेतला बगा नवा. आता काय अडचण नाय. तेवढं सेटिंग मारा आन् सायबाला सांगा, मला परत घ्या म्हनावं.”

मी फोन हातात घेतला नाही. “कुठून आणला?” एवढंच विचारलं.

“शेळी इकली.”

मग मी सांगितलं. फोनचा काही दोष नव्हता, मी कॅन्टीनची डबी बिघडवून ठेवली होती, आणि साहेबांसमोर खोटं बोलले. एका दमात सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, द्यायला हव्या होत्या.

“मंग तवाच का नाय सांगितलं?”

“कंत्राट जाईल म्हणून.”

मी म्हटलं, “चला आत, आत्ता सांगते साहेबांना.” त्यानं नकारार्थी मान हलवली. “माझ्या जागी आता दुसरा घासतोय, त्याला काढून मला घेतील व्हय?” असं म्हणाला आणि फोन परत खिशात घातला.

“गाभन व्हती,” तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेला.