ढुंढिराजचा पहिला गिअर

काशीत ब्रह्माघाटावरच्या मोघ्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या वेद म्हणण्यापलीकडे कुणी काही केलं नव्हतं. त्या घरात ढुंढिराज जन्मला आणि मोटार दुरुस्त करायला लागला. आता याला काय म्हणावं! मुंज झाली, पाठशाळेत घातलं, वर्षभर संहिता घोकली, आणि एके दिवशी नदेसरला एका गॅरेजच्या दारात उभा राहिला तो घरी यायचं विसरूनच गेला. वडिलांनी बोलणं टाकलं. शेजारीपाजारी म्हणाले, पोरगं हातचं गेलं. फक्त गंगाअक्का म्हणाली, "असू दे. देवाला रथ हाकणारा लागत नाही वाटतं?"

गंगाअक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे ढुंढिराजला न्हाऊमाखू घालण्यापासून रागे भरण्यापर्यंत सगळं अक्कानेच केलं. अशा पोरीला वडिलांनी द्यावं कुठे, तर गंगेपलीकडे रामनगरला! स्थळ चांगलं होतं, संस्कृत शाळेतला मास्तर, माणूस गरीब पण सालस. पण ब्रह्माघाटावर जन्मलेल्या मुलीला पलीकडचा तीर म्हणजे शिक्षाच. इकडे मेलं की शंकर स्वतः कानात मंत्र सांगतो आणि माणूस सुटतो. तिकडे मेलं की म्हणे गाढवाचा जन्म. मधे काय, तर एक नदी. लग्नात अक्का रडली ती माहेर सुटलं म्हणून नाही, काशी सुटली म्हणून. ढुंढिराज तेव्हा तिच्या कमरेला बिलगून म्हणाला होता, "अक्का, मी तुला वेळेवर घेऊन येईन." मोठा झाल्यावरही हे तो विसरला नाही, आणि अक्का तर त्याला विसरू देणारच नव्हती.

पुढे वडील वारले, लग्न झालं, शरदिनी घरात आली, आणि स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी ढुंढिराजने एक पिकअप घेतला. लष्कराच्या लिलावातला, अमेरिकेहून लढाईसाठी आलेला. रुंद छातीचा, लांब नाकाचा, मागे फळ्यांचा हौदा. ब्रह्माघाटाच्या गल्लीत तो शिरणं शक्यच नव्हतं. शरदिनीला नवऱ्याची गाडी बघायला मैदागिनच्या मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जावं लागलं. तिने बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "अहो, एवढं मोठं धूड कशाला?" त्यावर ढुंढिराजने तिला सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची अशी काही महती सांगितली की बिचारी पदराने घाम पुसत उभीच राहिली.

पण त्याचा खरा जीव होता गिअरबॉक्सवर. चार गिअर, त्यातला पहिला इतका सावकाश की गाडी त्यात टाकली तर शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जाईल. सडकेवर तो कुणी वापरतच नसे; गाडी दुसऱ्यावर उचलायची. पहिला फक्त चढासाठी, चिखलासाठी, वाळूसाठी. ढुंढिराज त्याला बैल म्हणे. गिअर बदलायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे, जरा चुकलं की दात असे करकरत की आजूबाजूचे लोक वळून बघत. पण बैल एकदा जुंपला की गाडी कुठेही रुतत नसे.

त्या गाडीने काय काय वाहिलं म्हणून सांगावं! साड्यांचे गठ्ठे, लंगड्या आंब्याच्या पाट्या, वरातीतली वाजंत्री. आणि हो, मरायला येणारी माणसंही. सातारा, नगर, कुठून कुठून काशीवासासाठी म्हातारे यायचे. कॅन्ट स्टेशनावरून त्यांना हौद्यात गादीवर निजवून ढुंढिराज हळूहळू आणायचा. गॅरेजातले लोक त्याला पंडितजी म्हणत. कधी अक्काकडे गेला की ती चहा देताना विचारायची, "ढुंढ्या, दुसऱ्यांना पोचवतोस, मला कधी?" तो म्हणायचा, "तू मरायला तयार हो, मी गाडी तयारच ठेवलीय." दोघं खळखळून हसायची. बहीणभावंडांची थट्टा ती, कुणी मनावर घेत नसे.

मग पेट्रोल महागलं. सहा सिलिंडरचं ते इंजिन पाण्यासारखं पेट्रोल पिऊ लागलं आणि ढुंढिराजची रात्रीची झोप उडाली. सगळीकडे लोक जुन्या गाड्यांना डिझेल इंजिन बसवत होते. त्याचा जुना दोस्त इदरीस मिस्त्री कानपूरच्या भंगारवाल्याकडून एक चांगलं डिझेल इंजिन घेऊन आला. त्याच्यासोबत त्याचा स्वतःचा गिअरबॉक्सही होता. इदरीसने दोन रस्ते सांगितले. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडायचं, तर मधे खास तबकडी घडवून घ्यावी लागेल, वेळ लागेल. नाहीतर इंजिनासोबतचाच गिअरबॉक्स बसवायचा. हलका, मऊ, एकदाच क्लच दाबला की झालं. मात्र त्याचा पहिला गिअर वेगाचा, बैलासारखा नाही.

"आपल्याला काय आवडेल ते, पंडितजी. चालतील दोन्ही," इदरीस म्हणाला.

ढुंढिराजने नव्या दांड्यावर हात ठेवून गिअर बदलून पाहिले. लोण्यात सुरी जावी तसे बसत होते. त्याला मुगलसरायच्या स्टेशनावर भाजी पोचवण्याचं काम मिळालं होतं. सडक चांगली, काम रोजचं, उशीर चालणार नाही. बैल वर्षातून किती वेळा जुंपला जातो? फार तर दोन-चार वेळा. त्याने नवा गिअरबॉक्स घेतला. माणूस शहाणाच होता, चूक म्हणाल तर तशी काहीच नव्हती. कुणीही हेच केलं असतं.

अक्का तेव्हा विधवा झाली होती. मुलगा नरहर मुगलसरायला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला. काशीवासाला आता काही हरकत नव्हती. काशीत मंगला गौरीच्या देवळापाशी एक खोलीसुद्धा बघून ठेवली होती. पण काशीवास एकदा घेतला की मग वेस ओलांडायची नाही, हा नियम. आणि वैशाखात नातवाची मुंज होती, ती रामनगरच्या घरी. अक्का म्हणाली, "मुंज डोळ्यांनी बघते, बटूला भिक्षा घालते, मग येते. एवढी वर्षं थांबले, आणखी दोन महिने काय?" तिच्या तब्येतीला काही झालं नव्हतं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

चैत्रात एका दुपारी नरहरचा निरोप आला, आई सकाळपासून बोलत नाही, श्वास वर लागलाय. ढुंढिराज जेवणावरून उठला. हात धुतला की नाही कोण जाणे. पिकअप घेऊन तो पिपांच्या पुलावरून पलीकडे गेला. उन्हाळ्यात रामनगरकडे वाळू उघडी पडायची. तिच्यावर लोखंडी पत्रे अंथरायचे आणि पुढे तरंगत्या पिपांवर फळ्यांचा पूल. जाताना गाडी रिकामी होती, सहज गेली.

अक्का शुद्धीवर होती, पण अगदी क्षीण. त्याला बघून तिने नुसतं विचारलं, "आलास?" तिचे ओठ कोरडे पडले होते. नरहर म्हणाला, "मामा, खाली घाटाला नाव लागलेली आहे. मल्लाहाला सांगून ठेवलंय. नावेने नेऊ या का?"

इथे मात्र बोललं पाहिजे. नाव होती. मल्लाह तयार होता. उन्हात जायला लागलं असतं, वेळ लागला असता, पण नाव काही रुतली नसती. ढुंढिराज म्हणाला, "नाव कशाला? नावेला किती वेळ लागेल! गाडीने आत्ता पोचू. मी तिला शब्द दिलाय." त्याने बोलतानाच हौद्याची फळी खाली केली होती. जन्मभर ज्या क्षणासाठी गाडी ठेवली तो क्षण आला आणि तो तिला नावेत घालून पाठवेल? शक्य नव्हतं त्याला. ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याला दुसरं काही दिसतच नाही हो.

गादी, गादीवर अक्का, उशाशी नरहर, वर चादर धरायला दोन शेजारी. गाडी वाळूत उतरली. पुलाच्या तोंडाशी घोड्याचा एक इक्का आडवा थांबला होता. समोरून माणसं येत होती, पूल एकपदरी. ढुंढिराजला थांबावं लागलं. आणि थांबला तो नेमका जिथे पत्रा सरकून वाळू उघडी पडली होती तिथे.

इक्का हलला. ढुंढिराजने पहिला टाकला, क्लच सोडला. मागची चाकं गरकन फिरली आणि बसली. पुन्हा टाकला. आणखी बसली. डिझेल इंजिनाचं वजन पुढे, माणसांचं मागे, आणि पहिला गिअर वेगाचा. हळू ओढायला जावं तर इंजिन बंद पडे, जोर द्यावा तर चाकं वाळू उपसत. त्याने क्लच अर्धा दाबून, अर्धा सोडून बघितला. जळका वास सुटला. हाताला सवय होती, हात दांड्याने तो जुना बैल शोधत होता आणि तिथे तो नव्हता. शेजारी उतरून ढकलू लागले. कुणी टायरखाली चादर घातली, कुणी पाटी. शेवटी क्लच गेला. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी जागच्या जागी.

"मामा, लवकर," नरहर वरून ओरडला.

ढुंढिराज हौद्यावर चढला. "उचला, गादीसकट उचला, पुलावरून पायी नेऊ," म्हणाला. पण अक्काने हात हलवला. तिचे डोळे मिटलेले होते.

"ढुंढ्या, काशी आली का रे?"

समोर नदी होती. पलीकडे काशी उन्हात स्पष्ट दिसत होती. ढुंढिराजने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "आली, अक्का. आली. आपण ब्रह्माघाटावरच आहोत."

अक्काने नमस्कारासाठी हात जोडायला बघितलं, ते पुरते जुळले नाहीत. चेहरा मात्र एकदम निवांत झाला. मग ती गेली. रामनगरच्या वाळूत, रुतलेल्या गाडीत.

शेवटी तिला नावेनेच मणिकर्णिकेवर नेलं. तेराव्याला ब्रह्माघाटावरचे लोक आले. नीलकंठशास्त्री सगळ्यांत वडील. त्यांना झालेलं कळलं होतं, त्यांचा स्वभाव मायाळू. ते म्हणाले, "ढुंढिराज, वाळू म्हणजे गंगेचं पात्रच ना? पावसाळ्यात तिथून गंगा वाहते. म्हणजे गंगाबाई गंगेतच गेल्या. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

"गंगेत गेली, शास्त्रीबुवा," ढुंढिराज म्हणाला. "पण काशीत नाही गेली. तिला काशी हवी होती."

शास्त्रीबुवांनी उपरण्याने डोळे पुसले.

नरहरने मामाला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. नावेचं नावही काढलं नाही. त्यानेच तर जास्त दुखायचं. इदरीसने क्लच बदलून दिला, गाडी पुन्हा मुगलसरायला जाऊ लागली. पोट कुणाला चुकलंय? पण दर सकाळी पहिला गिअर तसाच लोण्यासारखा बसायचा आणि ढुंढिराजच्या छातीत कळ यायची. कॅन्ट स्टेशनावर कुणी मरणाच्या वाटेवरचं माणूस उतरलं की तो तोंड फिरवून म्हणायचा, "दुसरी गाडी बघा." पुढे गाडी विकली. मूलबाळ नव्हतं. नवराबायको दोघंच त्या जुन्या घरात राहिली, आणि बघता बघता म्हातारी झाली.

त्याला दम्याने घेरलं ते शेवटचंच, हे त्याला कळत होतं. एके दिवशी त्याने नरहरला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "मला तुझ्याकडे ने. रामनगरला. आता तिकडेच राहीन."

नरहर थक्क झाला. शरदिनी स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? जग मरायला काशीत येतं, आणि तुम्ही काशी सोडून मरायला निघालात?"

"तू जा, नरहर. उद्या ये," ढुंढिराज म्हणाला. भाचा गेल्यावर बराच वेळ तो दम खात बसला. मग बोलला, "अगं, मी तिला म्हटलं, काशी आली. ती त्या शब्दावर विसंबून गेली. मी खोटं बोललो."

"तिचं समाधान व्हावं म्हणून बोललात. त्यात काय पाप?"

"पापाचं मी बोलतच नाही. मी इथे मेलो तर शंकर मला सोडवील. मी सुटेन. आणि ती तिकडे जन्मांच्या फेऱ्यात, ढुंढ्याने काशी दाखवली असं समजून सुटकेची वाट बघत बसलेली. मी सुटलो तर ती मला पुन्हा भेटणार कधी? तिला खरं सांगणार कोण? माझी चूक झाली, अक्का, एवढं तिच्यापुढे उभं राहून म्हणायचंय मला. मला नको ती सुटका."

तो रडत होता, लहान पोरासारखा, मोठ्याने. शरदिनी त्याच्याजवळ बसली. तिलाही रडू आवरेना. मग तिने विचारलं, "आणि माझं काय? तुम्ही तिकडे गेलात आणि मी इथे सुटले, तर तुमची माझी गाठ कधी पडायची?"

याचा ढुंढिराजने विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नरहर गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी करून घरी आला. दाराशी एकच पिशवी होती, तिच्यात मामाचे सदरे आणि मामीची लुगडी बरोबरच भरलेली. मामी पायांत चपला घालत होती.