प्रमोदनं दवा मारली होती

सायकलवाल्यांनो, आज साकोलीच्या शर्यतीत मी दुसरा आलो. अभिनंदन करू नका, आधी हे वाचा.

पहिला आला आंधळगावचा प्रमोद. वर्षभर माझ्यासोबत सराव करणारा. सगळी शर्यत तो माझ्या चाकामागे राहिला, समोरचा वारा मी खाल्ला आणि शेवटच्या वळणावर तो सुसाट पुढे निघून गेला. हा डाव मीच त्याला शिकवला होता. तरी माझं डोकं फिरलं. एवढा दम आला कुठून?

मग सकाळचं आठवलं. मी विचारलं होतं, "डोळे काहून लाल दिसून राहिले रे?"

तो म्हणाला, "काल दिवसभर दवा मारली ना भाऊ."

मी सरळ पंचांकडे गेलो. म्हटलं, यानं दवा घेतली, स्वतः कबूल केलंय. त्यांनी बक्षीस थांबवलं. सगळ्यांसमोर त्याची पिशवी उलटी केली. त्यातून निघाला तोंडाला बांधायचा दुपट्टा, कीटकनाशकाच्या उग्र वासाचा.

प्रमोद हळूच म्हणाला, "धानाले तुडतुडा लागला. काल फवारणी केली."

पंचांनी माफी मागून बक्षीस दिलं. मला मान वर करता येईना. मीही धानवाल्याच्याच घरचा. आमच्याकडे फवारणीला दवा मारणंच म्हणतात. गेल्याच आठवड्यात पाठीवर पंप घेऊन मीही मारली.

जाताना तो एवढंच बोलला, "भाऊ, तुमाले तरी समजाले पाहिजे होतं."

आता कोणत्या तोंडानं त्याच्या घरी जाऊ, सांगा.

आणि खरं सांगू? मी पहिला आलो असतो, तर मले लगेच समजलं असतं.