काट्यावरचे नाना आणि पितळी वाटी

बाजारातून आणलेले कांदे घरी आल्यावर पुन्हा तोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. देवळाली प्रवरातले आमचे शेजारी, नाना. भाजीवाल्याशी भांडायला म्हणून नव्हे. कमी भरलं तरी ते कधी परत गेले नाहीत. नुसतं कळलं पाहिजे, एवढ्यासाठी. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर काट्यावर चढलं आणि उतरलं. निवृत्तीनंतर तो काटा सुटला आणि पिशवीत एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आला. "अंदाज काट्यावर चढत न्हाई, बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी शाळेत शिकवते, त्यामुळे गल्लीला मी बाईच.

आणि अशा माणसाला बायको मिळाली ती काकू! चिमूट, मूठ, ओंजळ आणि 'दिसंल तेवढं' ही त्यांची मापं. "ह्यांचा काटा आन् माझी मूठ. पन ताटात कदी कमी पडलं का?" असं त्या नानांसमोरच विचारायच्या आणि नाना आणखी एक भाकरी मागून घ्यायचे.

मुलीचं, मनीषाचं, लग्न ठरलं तेव्हा मात्र काकू नरमल्या. कारखान्याच्या एका जुन्या डायरीत त्यांनी सगळे पदार्थ लिहून काढले, आणि कोणता पदार्थ कुणाकडून शिकला तेही. 'डिंकाचे लाडू. कोल्हारची आत्या.' 'शेंगोळे. पारनेरच्या जाऊबाई. मीठ कमी सांगतात, आपण वाढवावे.' मनीषा पुण्याला सासरी गेली आणि डायरी इथेच राहिली. तिला काय, मोबाईलवर सगळं सापडायचं.

गेल्या श्रावणात काकू चार दिवसांच्या तापात गेल्या. त्यानंतर दिवाळी झाली न झाली तोच मनीषाचा फोन आला. पहिलं बाळंतपण, ती माहेरी येणार होती. "नाना, तुम्ही दगदग करू नका. कामाला बाई लावू आपण. आईचे डिंकाचे लाडू तेवढे पाहिजेत मला." नाना "व्हय, व्हय" म्हणून बसले. चहापलीकडे त्यांनी आयुष्यात काही केलेलं नव्हतं.

डायरी घेऊन ते माझ्याकडे आले, ते तणतणतच. "खारीक आन् खोबरं वाटीनं, डिंक आन् गूळ किलोनं! एकाच गाडीला दोन काटे लावलेत हिनं!" मी मला लग्नात आहेर आलेलं पाककृतींचं जाड पुस्तक काढून दिलं. ते त्यांनी दोन दिवसांत परत आणलं. "तूप गरजेनुसार, असं छापलंय. गरज कुनाची, ते लिहिलं न्हाई." मग मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यातली बाई 'एक कप' म्हणाली आणि नानांनी तो तिथेच थांबवला. "कप कंचा? पावन्यांचा का घरातला?" शेवटी म्हणाले, "जाऊ द्या. तिचंच खरं. वाटी तर वाटी."

पहिला घाणा त्यांनी घरातल्या लहान स्टीलच्या वाटीने मापून केला. खोबरं-खारीक कमी पडली, गूळ जास्त झाला. लाडू असा की डोक्यात बसला असता तर खोक पडली असती. दुसऱ्या खेपेला आमटीची मोठी वाटी घेतली. मग लाडू वळेचना; नुसता भुगा. तो भुगा परातीत घेऊन नाना ओट्याशी उभे होते. म्हणाले, "चाळीस वर्सं तिच्या हातचं खाल्लं, बाई. एकदा वळून बघितलं न्हाई कसं करती ते. आता पोरगी येईल अन् मी तिला काय देऊ?" मला फार वाईट वाटलं. काकूंच्या दहाव्यालासुद्धा नानांचा आवाज असा झाला नव्हता.

मी डायरी घरी घेऊन आले. धडा पहिल्या पानापासून वाचायचा, ही माझी खोड. नानांनी सुट्ट्यांच्या यादीचं पान ओलांडूनच वाचायला सुरुवात केली होती. त्या यादीखाली पेन्सिलीने काकूंनी लिहिलं होतं: 'मनू, सगळी मापं आपल्या पितळी वाटीची.'

ती वाटी माझ्या स्वयंपाकघरात होती, मोहरी भरून.

आजारी पडण्याच्या आदल्या दिवशीच काकूंनी मला त्या वाटीतून खीर पाठवली होती. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, ही आमच्याकडची रीत. पण सुतकाच्या घरी साखर कशी पाठवायची? म्हणून आज देऊ, उद्या देऊ करत ती राहिली. मग कधीतरी तिच्यात मोहरी पडली आणि मी विसरून गेले. नानांचे दोन घाणे वाया गेले, तेव्हाही मला आठवलं नव्हतं.

मोहरी कागदावर ओतली आणि वाटी तशीच घेऊन गेले. "नाना, ही माझ्याकडं होती. चुकलं माझं." वाटलं, आता हा माणूस दार लावून घेणार.

नानांनी वाटी हातात घेतली, पालथी केली, सुलटी केली. आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदा हसले. "म्हंजी माजं चुकत न्हवतं!" म्हणाले. "अवो बाई, मला वाटलं माज्या हातालाच यश न्हाई. लई जीव भांड्यात पडला बघा."

तिसऱ्या घाण्याचा लाडू वळायला घेतला की गोल बसत होता. मनीषा आली, उंबऱ्यातच एक खाल्ला, आणि डोळे पुसत म्हणाली, "जायफळ जास्त झालंय, नाना. आईकडूनपण व्हायचं." जगात कुठल्या परीक्षकाने एवढे गुण दिले नसतील. पुढे मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं, आणि तीन महिन्यांनी मनीषा पुण्याला निघाली ती नानांनाही घेऊनच.

ते निघण्याआधी मी डायरी चाळली. वाटलं होतं, एव्हाना नानांनी प्रत्येक वाटीपुढे ग्रॅम मांडले असणार. कुठेच नव्हते. "काटा लावला नाही वाटीला?" मी विचारलं.

"न्हाई. तिचा अंदाज हाय तो. असू द्या तसाच."

पण पहिल्या पानावर, काकूंच्या पेन्सिलीच्या ओळीखाली, कारखान्याच्या नोंदवहीतल्यासारख्या ठसठशीत अक्षरात त्यांनी एक नोंद केलेली होती: 'वाटी न सापडल्यास प्रथम शेजारच्या बाईंकडे पाहावे.'