सुरुंगाची हाक

पहाटे चारला नीलव्वा जात्यावर बसायची. तिसगावजवळच्या खाणीवर आम्ही रस्त्यासाठी खडी फोडायचो. तिची खोप आमच्या खोपीला लागून होती. बाकीच्या बायका दळताना गात. ही तोंड मिटून दळायची. तिच्या ओव्या कानडी होत्या, आणि शेजारी पोर झोपलेली असे.

एकोणचाळीसला लढाई सुरू झाली त्या वर्षी ती नवऱ्याबरोबर विजापूरकडून आली. लेक राही तेव्हा कडेवर होती. मराठी दोघांनाही येत नव्हती. वर्षभरात नवऱ्याला कामापुरते शब्द आले. पण ऐकलेला शब्द तो आधी मनात कानडीत फिरवायचा, ओठ हलायचे, मग हात हलायचे. घमेलं मागितलं तर तेवढा उशीर चालतो. सुरुंगाला चालत नाही. एका दुपारी मुकादम गोरक्षनाथनं हाक दिली, "सुरुंग लागलाय, वर या." नवरा खाली एकटा, पाठमोरा होता. हाकेनं थबकला, मग पळाला. तोवर दगड आला.

तेराव्यानंतर नीलव्वा कामावर आली. पहार उचलायची आणि "पहार" म्हणायची. घण उचलायची, "घण" म्हणायची. मधे कानडी येऊ द्यायची नाही.

"काय गं, पहारीशी बोलतीस व्हय?" माझी बायको लंका तिला चिडवायची.

"बोलते. तुझ्यापरीस कमी बोलती ती."

दोन वर्षांत तिची मराठी आमच्यासारखी झाली. खडीच्या पाट्या मात्र ती कानडीतच मोजायची, तेही राहीला लांब धाडून. पोरीशी कानडीचा एक शब्द बोलली नाही. मी एकदा विचारलं.

म्हणाली, "दादा, हाक ऐकली की पोरीचं पाय आधी हलाया पायजेत. इचार मागून."

तसंच झालं. राही हाकेसरशी पळायची.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात नीलव्वाला तापानं धरलं. चार दिवसांत मराठी गेली. कानडीत एकच काहीतरी ओरडायची. राही तिला बिलगून बसायची. "आई, मी हितंच हाय. कुठं जात न्हाई." तशी ती जास्तच ओरडायची, पोरीला ढकलायची.

"मामा, आई मला का ढकलती?" राहीनं विचारलं. खाणीवर कानडी कुणालाच येत नव्हती.

मी मोटारीनं नगरला गेलो. बाजारात हणमंत नावाचा विजापूरकडचा हमाल सापडला. दिवसाची हजेरी बुडते म्हणाला, पण आला. खोपीत बसून त्यानं ऐकलं.

"पोरीला सांगती, सुरुंग लागलाय, लांब सर."

राही हणमंतकडं वळली. मग म्हणाली, "सरले, हे कानडीत कसं म्हनायचं?"

हणमंतनं सांगितलं. 'लांब आले, आई' एवढंच. राहीची जीभ वळेना. ओठ हलवून हलवून तिनं पाठ केलं. मग खोपीच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिली आणि तिथून मोठ्यानं म्हणाली.

नीलव्वा ओरडायची थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

राहीच्या लग्नाला म्हणून मजुरीतले पैसे नीलव्वानं मडक्यात साठवले होते. राहीनं ते स्वतः काढून दिले. त्यातून हणमंतचं मोटारभाडं आणि बुडालेली हजेरी भागली.